गाळावरची हजेरी

“पाण्याच्या आसऱ्यानं राहतो, अंगावर केस असतात, पिलाला दूध पाजतो. सांगा पाहू कोण?” प्रश्न टाकताना माझ्या डोळ्यांपुढे पाणमांजर होतं. सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच उत्तर आलं, “म्हैस!” खिडकीखालची एक पोरगी तर उभीच राहिली. “मॅडम, आमची भुरी. थे तं पाण्यातून निंगतच नाई. बाबाले गोटे मारा लागते तिले.”

तिसरीच्या पोरांशी उत्तरावरून वाद घालू नये, आणि इथं तर वादाला जागाच नव्हती. म्हशीच्या अंगात घामाच्या ग्रंथी कमी, कातडी काळी. ऊन तापलं की तिला पाणी नाहीतर चिखल लागतोच. चिखलाचा थर अंगावर वाळला की माशाही लागत नाहीत. पाणथळीतल्या प्राण्याचं याहून चांगलं उदाहरण मी तरी कुठून आणणार होते? आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात फिकट, भुरकट रंगाची म्हैस असते. तिला आता पूर्णाथडी या नावानं स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता आहे. मागं वळलेल्या लांबलचक शिंगांची नागपुरी म्हैस असते, तिला जुनी माणसं एलिचपुरी म्हणत, म्हणजे शेजारच्या अचलपूरची. या सगळ्यांचं रानातलं कूळ आज महाराष्ट्रात उरलंय ते गडचिरोलीत, कोलामार्काच्या जंगलात. २०१३ साली ते क्षेत्र रानम्हशींसाठी म्हणून राखलं गेलं. मी फळ्यावर ‘म्हैस’ लिहिलं आणि तिच्याखाली, जरा बारीक अक्षरात, ‘पाणमांजर’.

म्हशीमुळे एक सोय झाली. बाकी प्राण्यांच्या खुणा शोधाव्या लागतात, म्हशीच्या खुणेत माणूस पडतो. भादव्यात नाल्याच्या काठी तिचं खूर टाचेइतकं खोल रुततं, त्यात पाणी साचतं, आणि नाला उतरला तरी ते पाणी आठवडाभर टिकतं. एका खुरात बेडकाची पिल्लं, दुसऱ्यात डासांच्या अळ्या, तिसऱ्याच्या कडेला चतुर बसलेला. पोरं एकेका खुराभोवती उकिडवी बसली की त्यांना उठवणं जिवावर येतं. एका मुलानं विचारलं, हे खूर वाळलं तर यातले बेडूक कुठं जातील? मी म्हटलं, पाय फुटले असतील तर जातील नाल्यात. “अन् नाई फुटले तं?” यावर मी काही बोलले नाही. तोच म्हणाला, “मंग म्हैस अजून एकडाव याले पायजे अथून.”

बाजारात तक्ते मिळतात. त्यातल्या एकावर पाण्यातले सस्तन प्राणी आहेत: बीव्हर, पाणघोडा, सील, देवमासा. रंग सुरेख, छपाई स्वच्छ. बीव्हर लाकडं कुरतडून बांध घालतो हे आमच्या पोरांना पाठ आहे. शेताच्या बांधाला रात्री भोकं पाडून ताज्या मातीचा ढीग बाहेर कोण टाकतं हेही त्यांना ठाऊक असतं, फक्त ते ‘अभ्यासात येतं’ असं त्यांना वाटत नाही. घूस पोहते, ओलीची जागा धरून राहते, धान बिळात साठवते, पण तिला तक्त्यावर जागा नाही. तिसरीतल्या पोराला एवढं बरोबर कळतं की तक्त्यावरचं ते ज्ञान आणि वावरातलं ते नुसतं घरचं. ही समजूत त्याला कुणी मुद्दाम देत नाही. ती भिंतीवरून आपोआप उतरते.

चांदूर बाजारहून उत्तरेकडे पाहिलं की गाविलगडच्या डोंगरांची निळी रेघ दिसते. तिकडून उतरणारे नाले पूर्णेत जातात. पूर्णा येते बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेहीकडून आणि जाते तापीला. विश्रोळीला तिच्यावर धरण आहे. एवढंच काय ते आमचं पाण्याचं वैभव. भंडारा-गोंदियाकडे असतात तसे मालगुजारी तलाव वऱ्हाडात नाहीत. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिवस येतो. १९७१ साली इराणात रामसर गावी करार झाला, त्याची ती तारीख. त्या दिवसासाठी पोरं पोस्टर रंगवतात आणि पोस्टरवर हटकून रोहित पक्षी उतरतात. आपल्या वऱ्हाडातलं लोणार २०२० साली रामसरच्या यादीत गेलं हे मी त्यांना सांगते, त्याचं त्यांना कौतुक वाटतं, पण लोणार इथून दूर आहे. आमची पाणथळ म्हणजे बेशरमाच्या झुडपांत अडकलेला नाला, बंधाऱ्यामागचा फुगवटा, विश्रोळीच्या धरणाचा उतरता काठ. जानेवारीत आंबिया बहारासाठी संत्र्याच्या बगीच्याचा ताण तोडायला पाणी देतात, तेव्हा एका रात्रीपुरती बगीच्यातही एक पाणथळ तयार होते. सकाळी तिथं कोण कोण येऊन गेलं ते वाचायला मिळतं, आणि दुपारपर्यंत माती भेगाळायला लागते.

२०२४ पासून प्राथमिक शाळांत ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला. शनिवार आमचा असाही सकाळच्या शाळेचा. परिपाठ झाला की वर्ग नाल्यावर. नियम ठरलेले आहेत: पाण्यापासून दहा पावलं लांब, लव्हाळ्यात हात घालायचा नाही, ठशावर पाय द्यायचा नाही, परत आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे. कपडे चिखलात माखले म्हणून दोन-तीन माउल्या तक्रार घेऊन येतात. त्यांचं बरोबर असतं. साबणाची वडी फुकट येत नाही.

ठसे बघायला चिखल लागतो असं लोकांना वाटतं. भर पावसातली आमची काळी माती काहीच दाखवत नाही. ती प्राण्याच्या पायाबरोबर उचलून निघून जाते, चपलेलाही सोडत नाही. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खरं पान उघडतं ते अश्विन-कार्तिकात. पाणी रोज बोटभर मागं सरतं आणि सोडलेल्या पट्ट्यावर साईसारखा गाळ बसतो. त्यावरून मुंगी गेली तरी रेघ उमटते. आणि बघायची वेळ सकाळची, ऊन तिरपं असताना. ठशाच्या एका कडेला सावली पडते म्हणून तो दिसतो. दहा वाजले की तीच जागा सपाट वाटायला लागते, जणू रात्रभर तिथं कुणी फिरकलंच नव्हतं. मोठी माणसं ठसा वरून पाहतात, म्हणून त्यांना तो लवकर दिसत नाही. सात-आठ वर्षांचं पोर मुळातच जमिनीजवळ असतं, त्यातून गुडघ्यावर बसून गाल मातीला लावायची त्याला लाज नसते. त्याला दिसतो.

“कुत्र्याचं होय.”

“नाई बे. नखं कुठी हायेत?”

“घासले असतीन.”

“सगळेच घासले काय?”

हा संवाद मी कितीदा ऐकला आहे, आणि दर वेळी त्यात न पडण्यासाठी मला स्वतःला आवरावं लागतं. उत्तर सांगून टाकायची शिक्षकाची खोड लवकर जात नाही. चार बोटं, गादी, नखाचा पत्ता नाही, म्हणजे नखं आत ओढून चालणारं कुणीतरी. गावातलं मांजर एवढ्या मोठ्या पायाचं नसतं. लव्हाळ्यातून, पाणकणसातून उंदीर हुडकत फिरणारं रानमांजर असणार. त्याला रान म्हणायचं खरं, पण त्याची आवड ओलीची, पाण्याकाठच्या दाट गवताची. मुंगसाचा ठसा पाच बोटांचा आणि नखांसकट. रानडुकराच्या दोन खुरांमागं मऊ गाळात आणखी दोन टिंबं. वानराचा पुढचा पाय तर हातच असतो. तो ठसा दिसला की पोरं आधी आपला पंजा त्यावर धरून पाहतात आणि मग एकमेकांकडे बघून हसतात. सशाचं गणित सगळ्यात अवघड. उडी मारताना त्याचे मागचे पाय पुढच्यांच्या पुढं पडतात, त्यामुळे ससा गेला त्याच्या उलट्या दिशेला पोरं शोधत जातात. वटवाघूळ मात्र उडता उडता पाण्याला तोंड लावून जातं. त्याचा ठसा कुठंच नाही. एका मुलीला हे फार लागलं. ती म्हणाली, म्हणजे ते आलं होतं हे कुणालाच कळत नाही?

मग येतो लेंड्यांचा विषय. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाकं धरली, शी शी केलं, आणि थोड्याच वेळात काडी घेऊन फोडायला सुरुवात. शिक्षणातलं हे दालन पाठ्यपुस्तकानं का वगळलं असेल ते समजू शकते, पण पोटात काय गेलं हे इतकं प्रामाणिकपणे सांगणारा दुसरा कागद नाही. कोल्ह्याच्या विष्ठेत हिवाळ्यात बोराच्या आठोळ्या सापडतात. कोल्हा बोरं खातो हे कळल्यावर तो पोरांच्या बाजूचा होतो, कारण बोरं तीही चोरूनच खातात. रोही रोज एकाच जागी येऊन लेंड्यांचा ढीग घालतो. मुंगसानं सोडलेलं खेकड्याचं कवच, बाभळीच्या बुंध्याला कमरेएवढ्या उंचीवर पुसलेला चिखल, तिथंच अडकलेला राठ केस. डुक्कर लोळून उठलं आणि इथं अंग घासून गेलं. केस चिमटीत धरून एकानं तो आपल्या डोक्यावरच्या केसाशी ताडून पाहिला. त्याचा निष्कर्ष त्यानं कुणाला सांगितला नाही.

कधी कधी मी डोळे मिटायला लावते. डोळे बंद, एक बोट ठशाच्या कडेवरून हलकेच फिरवायचं. कड तीक्ष्ण लागली तर पहाटेचा, बोथट लागली तर कालचा, आत दवाचे बारीक खळगे लागले तर मध्यरात्रीच्या आधीचा. आमच्याच तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली आणि १८८१ ते १९१५ या अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. पोरांना माधानची यात्रा ठाऊक असते, पाळणे आणि जिलेबीसकट. गाळावर बोट फिरवताना त्यांच्यातल्या एकाने विचारलं, महाराजांना असंच दिसायचं का? मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. पण तो त्या दिवशी बराच वेळ डोळे मिटून बसला.

पावलांवरून येणाऱ्याला ओळखायचं, हे या पोरांना मी शिकवलेलं नाही. भादव्यात घरोघर महालक्ष्म्या येतात, ज्यांना बाकी महाराष्ट्र गौरी म्हणतो. उंबरठ्यापासून मखरापर्यंत पावलं काढायची असतात. मूठ वळायची, करंगळीकडची कड कुंकवाच्या पाण्यात बुडवायची, फरशीवर टेकवायची, वर बोटाच्या टोकानं पाच टिंबं. डावं पाऊल डाव्या मुठीनं, उजवं उजव्या. हे काम आजी लेकरांना देते, कारण लेकरांची मूठ देवीच्या पावलाएवढी. आलेली कुणी दिसत नाही, तिची पावलं मात्र दिसतात, आणि तीही आपणच काढलेली. आमच्या वर्गातल्या एकीनं यात खोट काढली. “मॅडम, महालक्ष्म्या परत जातात तवा पावलं काहून नाई काढत?” चांगला माग काढणारा हाच प्रश्न विचारील. आत गेलेली पावलं आहेत, बाहेर आलेली नाहीत, म्हणजे जनावर अजून आतच आहे.

इथून रिद्धपूर फार लांब नाही. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे, पण त्या गावाची जुनी ओळख गोविंदप्रभूंची आणि म्हाइंभटांची. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी गोळा करायला म्हाइंभट माणसामाणसाकडे गेले. कोण कुठं होतं, काय ऐकलं, कुणासमोर घडलं, हे विचारत गेले. १२७८ च्या सुमारास त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. त्याच परंपरेत पुढे स्थानपोथी आली. तिच्यात स्वामी कुठं बसले, कुठं निजले, कुठल्या देवळाच्या कुठल्या अंगाला उभे राहिले, एवढंच, दिशांसकट. महानुभाव मंडळी अजून त्या जागांवरच्या ओट्यांना नमस्कार करत फिरतात. मला भक्तीचा फारसा अधिकार नाही. पण गेलेल्या माणसाच्या बसल्या जागेची नोंद ठेवणारी एक अख्खी पोथी आपल्या भाषेत सातशे वर्षांपूर्वी झाली, ही गोष्ट नाल्यावर उभं असताना मला हटकून आठवते. त्या लीळांमध्ये सशाचीही गोष्ट आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली शिरतो आणि ते त्याला अभय देतात. ही गोष्ट सांगितली की पोरं पारधी कोण, असं विचारतात.

तिथं मला थांबावं लागतं. कारण जमिनीवरची खूण वाचायचं ज्ञान आपल्या जिल्ह्यात कुणाकडे होतं, तर ते फासेपारध्यांकडे. तितराची वाट, सशाची वाट, डुकराची वाट त्यांना पाठ्यपुस्तकाशिवाय येत होती. इंग्रजांच्या काळात पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला असं म्हणवत नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या लेकरांसाठी शाळा काढली, तिचं नाव प्रश्नचिन्ह. त्या लेकरांच्या आज्याला जे येत होतं तेच मी आज ‘उपक्रम’ म्हणून घेते आणि त्याचा अहवाल वर पाठवते, तेव्हा माझी मलाच मौज वाटते.

वनखात्यानंही ही विद्या मानाने वापरली. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी साठच्या दशकात वाघाचा ठसा काचेवर उतरवून वाघ मोजायची रीत बसवली. १९७२ ची देशभरची गणना तशीच झाली. मेळघाट पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला, तेव्हा आमच्या डोंगरांतल्या धुळीवरही कितीतरी काचा टेकल्या असतील. पुढे सरिस्कातले वाघ संपले तरी कागदावर ते बरेच दिवस जिवंत होते, हे उघडं पडलं, आणि २००६ पासूनच्या गणनेत कॅमेरे आले. ठसा खोटं बोलत नाही. मोजणाऱ्याचं मात्र सांगता येत नाही. मारुती चितमपल्लींसारखा अधिकारी नवेगावबांधला गेल्यावर माधवराव पाटलांच्या मागून चालत जंगल शिकला, हे मला कुठल्याही कॅमेऱ्याहून मोठं वाटतं. वनाधिकारी पुढं आणि गावकरी मागं, अशीच ओळ आपल्याला पाहायची सवय आहे.

आता पाणमांजराचं सांगते, ज्याचं नाव फळ्यावर बारीक अक्षरात राहून गेलं. आमच्या नाल्यावर पाणमांजर नाही. गोव्यात चोडण बेटाच्या खाजणांत त्यांचे कळप आजही फिरतात. २०१६ साली मध्य प्रदेशात, सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि कान्हा-पेंचच्या मधल्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांत युरेशियन पाणमांजर दिसलं आणि जाणती माणसंही चकित झाली. हा आमचाच सातपुडा, पण त्याची दूरची शेपटी. विश्रोळीच्या धरणावर मासे धरणारे एक भोई आजोबा पोरांना म्हणाले, “माह्या बापाच्या टाइमात डोहात रायत. पाच-सात जणं एका लायनीत मासे हाकलत. आमी जाळं टाकाच्या आधीच थे जेऊन मोकळे.” मग ते शिट्टीसारखा एक आवाज काढून दाखवू लागले आणि खोकल्यानं थांबले. आता का नाहीत, असं पोरांनी विचारलं. “आता डोह कुठी हायेत, बापा?”

डोह बुजले ते बुजलेच, आणि नाले सुधारले. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आलं. गावोगाव जेसीबीनं नाल्यांचं खोलीकरण झालं. विहिरींना पाणी आलं हे खरं, आणि ज्याच्या विहिरीला आलं त्याच्यापुढे मी काठाचं गाणं गाणार नाही. पण खोल केलेल्या नाल्याला उतार राहत नाही. सरळ भिंत आणि खाली पाणी. जनावर उतरणार कुठून आणि ठसा उमटणार कुठं? शेततळ्यांचं त्याहून वेगळं. निळ्या-काळ्या प्लास्टिकवर कुणाचंच पाऊल उमटत नाही. तहानेनं आत उतरलेला प्राणी मात्र निसरड्या उतारावरून वर येऊ शकत नाही. आमच्यातल्या एका मुलाच्या बाबांनी आपल्या तळ्यात जुना दोर आणि बोऱ्यांची उतरंड सोडली आहे. कुणी सांगितलं नव्हतं. दोराला गाठी मारल्यात, त्या मुलानंच.

“मंग मॅडम, जे नाईच त्याचा ठसा काहून शिकाचा?” हे विचारणारं पोर आळशी नव्हतं, हिशेबी होतं. मी वाळू सपाट केली, तळवा टेकला, बोटं फाकवली आणि बोटांमधल्या जागा अंगठ्यानं हलकेच दाबल्या. पाच बोटं, मध्ये पडदा, मागं शेपटीची ओढ. काठच्या खडकावर टाकलेली विष्ठा, तिच्यात माशांचे खवले, काटे, खेकड्याचे तुकडे, आणि वास असा की एकदा घेतला की विसरायचा नाही. त्यांची ती जागाही ठरलेली, सगळा कळप तिथंच येणार. आलंच कधी धरणाकडून वर, तर कुणीतरी ओळखायला हवं ना. यावर एकमत झालं नाही, पण सगळ्यांनी आपापला तळवा वाळूत दाबून पाहिला.

नाल्याचं एक हजेरीपत्रक आम्ही ठेवतो. वहीचं आडवं पान, डावीकडे नावं, वर शनिवारच्या तारखा. म्हैस पहिली, तिला गैरहजेरी ठाऊक नाही. मुंगूस, घूस, रानमांजर, कोल्हा, रानडुक्कर, वानर, रोही, ससा. पाणमांजराचं नाव घालायचं की नाही यावर वर्गात दोन तट पडले होते. शेवटी नाव घातलं गेलं आणि त्याची ओळ कोरी राहिली. प्राणी बघितल्याशिवाय हजेरी लावायची, हे पहिल्यांदा पोरांना अन्यायाचं वाटलं. माझी हजेरी तुम्ही तोंड बघून लावता, मग यांची का नाही? पुढे त्यांना त्यातच मजा यायला लागली. आपण गोधडीत असताना इथं एवढी गर्दी असते, आपल्यावाचून त्यांचं काही अडत नाही. एक मुलगा तर रात्री उठून आईला विचारत होता, आत्ता नाल्यावर कोण असेल? आईनं त्याला झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला विचारलं, “मॅडम, पोट्ट्याले नेमकं काय शिकवून रायल्या तुमी?”

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही पोचायच्या आधीच पाच-सहा जण नाल्यावर हजर होते. आवाज नाही, दंगा नाही, सगळे शिस्तीत उभे. हे लक्षण मला ओळखीचं आहे. गाळावर ठसे होते. पाच बोटं, मध्ये पडदा, मागं शेपटीची लांब ओढ, आणि बाजूच्या दगडावर माशाचे खवले, काल बाजारातून आणलेल्या रोहूचे असावेत इतके मोठे आणि चमकदार. ठशाची तळव्याकडची कड मी नीट पाहिली. करंगळीकडून टेकवलेली मूठ होती, डावीकडे डावी, उजवीकडे उजवी. महालक्ष्म्यांना लावतात ती रीत.

मी गुडघ्यावर बसले. म्हटलं, किती होते?

“तीन.” “चार.” “एक बारकं पिल्लू होतं.”

आले कुठून?

“पूर्णेकून.” “कसे येतीन? मधात बंधारा हाये.” “भिंत चढले असतीन.” “जमिनीवरून बी चालते थे, मॅडमनंच सांगतलं.” “मंग तिकडल्या बाजूले ठसे पायजे.” यावर सगळेच गप्प झाले, कारण तिकडच्या बाजूला ठसे काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जो हिशेबी होता, तोच कमरेवर हात ठेवून पुढं आला आणि म्हणाला, तुम्ही सगळे लबाड आहात. मग भांडण लागलं, बेशरमाच्या फोकांपर्यंत पोचलं, मी मध्ये पडले. हजेरीपत्रक उघडलं आणि विचारलं, आता पाणमांजराच्या ओळीत मी काय लिहू?

“हजर.” “गैरहजर. खोटी हजेरी नाई लावाची.” खवले आणणारा, ज्याच्या बोटांना अजून माशाचा वास येत होता, थोडा वेळ विचार करून म्हणाला, “रजेवर लिहा, मॅडम. थे रजेवर हाये.”

“मंग अर्ज कुठी हाये त्याचा?” मागून कुणीतरी विचारलं.